चेंडूवरील जाळे

गोल वस्तूंविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या आठवडी बाजारातून एकदा सावकाश फेरी मारावी, म्हणजे या कुतूहलाला किती खाद्य मिळते ते कळेल. एकीकडे लिंबांचे आणि मोसंब्यांचे ढीग रचलेले असतात. दुसरीकडे कुंभाराचे माठ एकमेकांना खेटून उन्हात बसलेले असतात. धान्याच्या दुकानात मोत्यासारखी टपोरी शाळू पोत्याच्या तोंडाशी चमकत असते. हलवायाच्या परातीत लाडू असतात, आणि मुलांच्या नजरा जिकडे वळतात त्या खेळण्यांच्या पालावर रंगीबेरंगी चेंडू टांगलेले असतात. लहान आणि मोठे, खरखरीत आणि गुळगुळीत, खाण्याचे आणि खेळण्याचे असे हे सारे पदार्थ. पण एका बाबतीत ते एकाच कुळातले. त्यांना कोपरा नाही, कड नाही, आरंभ नाही आणि शेवटही नाही.

गोल वस्तू पाहावयास जितकी साधी, तितकी मोजावयास अवघड. टेबलावर अंथरण्यासाठी किती कापड लागेल, ते लांबी आणि रुंदी मोजून कोणीही सांगेल. खोलीच्या भिंतींना किती चुना लागेल, तेही भिंती एकेक करून मोजता येते. तेलाच्या उभ्या गोल डब्याभोवती कागद गुंडाळायचा असेल, तरी अडचण पडत नाही. डब्याभोवतीचा कागद उभा कापून उलगडला, की त्याचा सरळ आयत होतो. त्याची लांबी म्हणजे डब्याचा परीघ आणि रुंदी म्हणजे डब्याची उंची. पण चेंडूला कागद गुंडाळून पाहा बरे! एका बाजूने तो नीट बसवावा, तर दुसऱ्या बाजूने त्याला चुण्या पडतात. चुण्या काढाव्यात, तर तो फाटतो. उलट, चेंडूचे आवरण काढून ते पाटावर सपाट पसरावे म्हटले, तर तेही सरळ पसरत नाही. पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्यांना शतकानुशतके हीच अडचण भेडसावीत आली आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना कोठे ना कोठे तरी ओढाताण करावीच लागते.

मग गोलाचे हे बाहेरील आवरण, ज्याला गणितात पृष्ठफळ असे म्हणतात, ते मोजायचे तरी कसे?

मी शाळेत मराठी शिकवीत असे. परंतु मुख्याध्यापकाला कोणत्याही रिकाम्या वर्गावर जाऊन उभे राहावे लागते, आणि त्या वेळी आपला विषय कोणता हे विसरावे लागते. एके दिवशी आठवीच्या वर्गावर गणिताचा तास मोकळा होता. मी बाजारातून चार-पाच मोसंबी मागवून घेतली आणि ती वर्गात घेऊन गेलो. मुलांना वाटले, आज खाऊ मिळणार. त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. पण खाऊच्या आधी काम होते.

मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक मोसंबे दिले. शक्य तितके गोल पाहून निवडलेले ते मोसंबे आम्ही बरोबर मधोमध कापले. मग एक फोड कागदावर पालथी ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरविली. कागदावर एक वर्तुळ उमटले. त्याच मापाची आणखी तीन वर्तुळे शेजारी काढली. आता दोन्ही फोडींची साल काढून तिचे नखाएवढे तुकडे करायचे आणि ते वर्तुळांत एकमेकांना लागून मांडीत जायचे. तुकडे एकमेकांवर चढता कामा नयेत आणि मध्ये फटही राहता कामा नये. "या सालीने किती वर्तुळे भरतील?" असे मी आधीच विचारून ठेवले. कोणी दोन म्हणाले, कोणी तीन. एकाने मोठ्या आत्मविश्वासाने सहा असे सांगितले.

काम सुरू झाले. वर्गभर मोसंब्याचा आंबटगोड वास दरवळला. पहिले वर्तुळ भरले, दुसरे भरले, तिसरेही भरले. साल अजून उरलीच होती. चौथ्या वर्तुळाच्या शेवटच्या कोपऱ्यात उरलासुरला तुकडा बसवून एका गटाने आनंदाने हात वर केले. दुसऱ्या गटाच्या चौथ्या वर्तुळात चिमूटभर जागा रिकामी राहिली. तिसऱ्याचे दोन तुकडे उरले. पण तीन वर्तुळांत कोणाचे भागले नाही आणि पाचवे वर्तुळ कोणालाही लागले नाही. सर्वांचे उत्तर फिरून चारवरच आले.

आमच्या एका मोसंब्याचा व्यास सात सेंटिमीटर होता, म्हणजे त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्यासाठी त्रिज्येला त्रिज्येने गुणून त्या गुणाकाराला २२/७ ने गुणतात, हे मुलांना ठाऊक होते. त्याप्रमाणे एका वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटिमीटर झाले. त्याची चौपट केली, की १५४. म्हणजे त्या मोसंब्याची साल १५४ चौरस सेंटिमीटर जागा व्यापीत होती. कोणत्याही पुस्तकातील सूत्र न पाहता, निव्वळ नखांनी आणि नजरेने मुलांनी गोलाचे पृष्ठफळ काढले होते.

मी फळा पुसावयास वळणार, तोच मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "गुरुजी, मोसंब्याची साल चार वर्तुळांत बसली; पण सगळ्याच गोलांची बसेल कशावरून? आवळ्याची बसेल का? एवढ्या मोठ्या पृथ्वीची बसेल का?"

मला तो प्रश्न फार आवडला. सालीचे तुकडे मांडून आपल्याला एका मोसंब्याविषयीची खात्री पटते. फार तर दहा मोसंब्यांविषयीची. जगातील यच्चयावत गोलांविषयी बोलावयाचे असेल, तर नखे पुरत नाहीत. तेथे बुद्धीच चालवावी लागते. या मुलीने विचारलेला प्रश्न आपल्याच प्रदेशातील एका थोर गणितज्ञाने साडेआठशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता. त्यांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. 'लीलावती' हा त्या ग्रंथाचा अंकगणिताचा भाग. मी भाषेचा विद्यार्थी असल्यामुळे या पुस्तकाकडे प्रथम वळलो तो त्यातील पद्यांच्या ओढीने. भुंगे, हंस, कमळे, मोत्यांचे हार यांच्या उदाहरणांतून तेथे गणित शिकविले आहे. त्यातच गोलाच्या पृष्ठफळाचा नियम येतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट केली असता गोलाचे पृष्ठफळ मिळते, असे सांगताना आचार्य एक सुंदर उपमा देतात. हे पृष्ठफळ म्हणजे जणू चेंडूवर सर्व बाजूंनी ताणून बसविलेले जाळे, असे ते म्हणतात. गणिताच्या रूक्ष वाटणाऱ्या नियमाच्या शेजारी खेळातला चेंडू आणून ठेवणारा हा गुरू विद्यार्थ्यांना किती प्रिय झाला असेल!

गंमत अशी, की त्यांनी उदाहरणासाठी घेतलेल्या गोलाचा व्यासही आमच्या मोसंब्याप्रमाणे सातच आहे. आपण २२/७ घेऊन १५४ असे उत्तर काढले. भास्कराचार्यांनी याहून सूक्ष्म असे ३९२७/१२५० हे गुणोत्तर घेतले आणि १५४ ला अगदी किंचित कमी, म्हणजे १५३ पूर्णांक ११७३/१२५० असे उत्तर दिले. रोजच्या व्यवहारासाठी २२/७ पुरेसे आहे, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे.

परंतु उत्तर देऊन ते थांबले नाहीत. त्यांच्यापूर्वी सुमारे चार शतके होऊन गेलेले लल्ल हे एक मान्यवर ज्योतिर्विद. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले, की गोलाचे पृष्ठफळ मिळते, असा नियम लल्लांनी दिला होता. एवढ्या मोठ्या आचार्यांचे वचन, तेव्हा ते खरेच असणार, असे म्हणून भास्कराचार्यांनी मान डोलावली नाही. त्यांनी ते तपासले आणि ते सयुक्तिक नाही असे स्पष्ट लिहिले. आपणही ते सहज पडताळून पाहू शकतो. सात सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घ्या. लल्लांच्या नियमाने साडेअडतिसाला बावीसने गुणले, की ८४७ येतात. आता हाच चेंडू जिच्यात घट्ट बसेल अशी सात सेंटिमीटर बाजूची चौकोनी पेटी घ्या. तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ मिळून होते अवघे २९४. पेटीला जितका कागद लागतो त्याच्या जवळजवळ तिप्पट कागद तिच्या पोटात मावणाऱ्या चेंडूला लागेल, हे कसे संभवते?

दुसऱ्याचे चुकले असे म्हणणे सोपे असते. आपले बरोबर का, हे सांगणे अवघड. आपल्या ग्रंथावर स्वतःच लिहिलेल्या टीकेत भास्कराचार्यांनी तेही केले आहे. मातीचा किंवा लाकडाचा एक गोल घ्यावा, असे ते सांगतात. त्याच्यावर माथ्यापासून सारख्या अंतरावर आडवी वर्तुळे आखावीत, म्हणजे गोलावर अरुंद पट्टे तयार होतात. पट्टा अगदी अरुंद असला, की तो जवळजवळ सपाटच मानता येतो. मग प्रत्येक पट्ट्याचे क्षेत्रफळ काढून सर्वांची बेरीज करावी. दुसरी रीत उभ्या फाकांची. आवळ्यावर जशा उभ्या रेषा दिसतात, तशा रेषांनी गोल विभागावा, एका फाकेचे क्षेत्रफळ काढावे आणि फाकांच्या संख्येने गुणावे. दोन्ही वाटांनी जाऊन ते एकाच मुक्कामाला पोहोचले: गोलाचे पृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले व्यास. आमच्या मोसंब्याचा परीघ बावीस आणि व्यास सात. गुणाकार पुन्हा १५४ च! चार वर्तुळे म्हणा किंवा परीघ गुणिले व्यास म्हणा, गोष्ट एकच. हा विचार गोलाच्या आकारावर चालतो, त्याच्या लहानमोठेपणावर नाही. म्हणून तो आवळ्याला लागू पडतो तसाच पृथ्वीलाही. आचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजने धरून तिचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ चौरस योजने असे काढून दाखविले.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे. तेथील देवळात इ. स. १२०७ मधला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, असे त्यात कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. गणित शिकविण्यासाठी मठ निघावा आणि त्याची हकीकत पाषाणावर कोरली जावी, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे.

ज्ञानाला मात्र एकाच देशाची वेस नसते. भास्कराचार्यांच्या कितीतरी आधी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर आर्किमिडीज नावाचा गणितज्ञ होऊन गेला. त्याने हेच सत्य वेगळ्या मार्गाने शोधले होते. चेंडू ज्यात नेमका बसेल असा उभा गोल डबा घ्या. चेंडूच्या व्यासाएवढाच डब्याचा व्यास आणि तेवढीच त्याची उंची. या डब्याभोवती गुंडाळलेला कागद आणि चेंडूचे आवरण यांचे क्षेत्रफळ अगदी सारखे असते, असे त्याने सिद्ध केले. कागदाची लांबी परिघाएवढी आणि रुंदी व्यासाएवढी; म्हणजे पुन्हा परीघ गुणिले व्यास! आर्किमिडीजला या शोधाचा एवढा अभिमान वाटे, की आपल्या समाधीवर वृत्तचिती आणि तिच्या आतील गोल यांची आकृती असावी, अशी त्याने इच्छा व्यक्त केली. पुढे इ. स. पूर्व ७५ मध्ये सिसरो या रोमन विद्वानाने सिराक्यूज नगराबाहेर झुडपांत हरवलेली ती समाधी या आकृतीवरूनच ओळखली.

"हे सारे ठीक, पण याचा उपयोग काय?" असे विचारणारा एखादा तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो, आणि तो असावाच. त्याच्यासाठी मी एक पाहिलेली गोष्ट सांगतो.

एका खेड्यात छोट्या देवळाचा घुमट रंगवायचा होता. घुमट अर्ध्या चेंडूच्या आकाराचा, तळाशी दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर व्यासाचा. रंग किती आणावा याचा हिशेब एका उत्साही तरुणाने केला. त्याने घुमटाखालच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले. ते सहा चौरस मीटरांहून थोडे जास्त भरले. तेवढ्याला पुरेल इतका रंग आणावा, असे त्याचे म्हणणे. गावातील वृद्ध रंगारी ओट्यावर बसून ऐकत होते. ते हसून म्हणाले, "पोरा, एवढ्यात निम्माच घुमट होईल. तळ मोजायचा अन् रंग दुप्पट घ्यायचा."

मी त्यांना विचारले, "मामा, तुम्हांला हे कोणी शिकविले?"

"कोण शिकवील गुरुजी? चाळीस वर्सं झाली घुमट रंगवायलोय. दुप्पट घेतला तर कधी उणं पडलं न्हाई."

शाळेची पायरी फारशी न चढलेल्या त्या कारागिराचा अनुभव आणि भास्कराचार्यांचे गणित यांत तिळमात्र अंतर नव्हते. पूर्ण गोलाला चार वर्तुळे, तर अर्ध्या गोलाला दोन. तळाचे वर्तुळ ६.१६ चौरस मीटर, म्हणून घुमट १२.३२ चौरस मीटर. अनुभवाने चाळीस वर्षांत जे हाती येते, ते गणित एका तासात देते. मात्र गणिताने दिलेले उत्तर खरे आहे, याची साक्ष शेवटी अशा अनुभवी हातांकडूनच मिळते.

घुमटाचा विषय निघालाच आहे, तर मोठ्या घुमटाचाही अंदाज करून पाहू. आपल्या जिल्ह्यातील परांडा किल्ल्यावरून 'मलिक-इ-मैदान' ही प्रचंड तोफ १६३२ साली विजापुरास नेण्यात आली, आणि ती आजही तेथे आहे. त्याच विजापुरात मुहम्मद आदिलशहाची कबर असलेला सुप्रसिद्ध गोल घुमट आहे. त्याच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर. तो अर्धगोल मानला, तर त्याच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे २,२७० चौरस मीटर भरते. आतून गिलावा करणाऱ्या गवंड्यांना किती चुना मळावा लागला असेल, किती परांच्या बांधाव्या लागल्या असतील, याची कल्पना या एका आकड्यावरून येते.

गोलाच्या अंगी आणखी एक मोठा गुण आहे, आणि तो आमच्यासारख्या कमी पावसाच्या मुलखातील माणसाला विशेष मोलाचा वाटतो. तो गुण काटकसरीचा. जितका माल आत मावतो, त्या मानाने गोलाला सर्वांत कमी आवरण लागते. एक लिटर पाणी मावेल अशी चौकोनी पेटी करावयाची, तर तिची प्रत्येक बाजू दहा सेंटिमीटर हवी, आणि सहा बाजूंना मिळून ६०० चौरस सेंटिमीटर पत्रा लागतो. तेच पाणी पोकळ गोलात भरावयाचे, तर सुमारे ४८४ चौरस सेंटिमीटर पत्रा पुरतो. जवळजवळ पाचवा हिस्सा पत्रा वाचला! १९७२ च्या दुष्काळात मैलभरावरच्या विहिरीहून डोक्यावर घागरी घेऊन येणाऱ्या बायांच्या रांगा मी लहानपणी पाहिल्या आहेत. घागरीचे पोट गोल असते. तांबटाने ती तशी का घडविली असेल, याचा विचार त्या वेळी मनात आला नव्हता. पण थोड्या पत्र्यात अधिक पाणी मावावे आणि भांड्याचेच ओझे मानेवर फार होऊ नये, ही सोय त्या गोल पोटात आहे खरी.

याच काटकसरीचा उपयोग अलीकडच्या काळातही झाला आहे. शेणापासून जळाऊ वायू तयार करणारी गोबरगॅसची संयंत्रे आपण पाहतो. १९८४ मध्ये 'अफप्रो' या संस्थेने 'दीनबंधू' नावाचे एक संयंत्र तयार केले. त्याचा आकार वेगवेगळ्या व्यासांच्या दोन गोलांचे भाग तळाशी जोडल्यासारखा आहे. पृष्ठफळ शक्य तितके कमी करावे, म्हणजे विटा व सिमेंट कमी लागेल आणि गरीब शेतकऱ्याला संयंत्र परवडेल, असा त्यामागील विचार होता. गोलाचे पृष्ठफळ आणि शेतकऱ्याच्या घरातील चूल यांचा असा जवळचा संबंध आहे.

आता याच नियमाची दुसरी बाजू पाहू. एका मोठ्या गोलाचे आठ सारखे लहान गोल केले, तर प्रत्येकाची त्रिज्या निम्मी होते. माल तेवढाच राहतो. पण आवरण मात्र एकूण दुप्पट होते. भूमचा खवा आपल्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. त्या खव्याचा एकच मोठा गुलाबजाम केला, तर पाक त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. त्याचेच आठ लहान केले, तर पाकाला शिरण्यासाठी दुप्पट वाट मिळते आणि गाभाही जवळ येतो. पिकावर औषध फवारताना पंपाच्या तोंडाशी बारीक तुषार उडतील अशी सोय केलेली असते, त्याचेही कारण हेच. तेवढेच औषध बारीक थेंबांच्या रूपाने अधिक पानांवर पसरते.

हा नियम प्रत्येक वेळी सुखाचाच अनुभव देतो असे मात्र नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात मोठी गारपीट झाली आणि हाताशी आलेली रब्बीची पिके झोपली. अशा वेळी हरभऱ्याएवढ्या गारा पाहता पाहता विरघळतात, पण लिंबाएवढ्या गारा बराच वेळ तशाच पडून असतात. ऊब शिरते ती गारेच्या पृष्ठभागातून. त्रिज्या दुप्पट झाली, की पृष्ठफळ चौपट होते, पण आतील बर्फ आठपट होतो. म्हणून मोठ्या गारेला वितळावयास अधिक काळ लागतो. शेतकऱ्याचे नुकसान गणिताने भरून निघत नाही, हे खरे. तथापि निसर्गाचा कोप कोणत्या नियमाने चालतो हे कळले, तर त्याच्याशी सामना करण्याचे उपायही माणूस शोधू शकतो.

आपल्या पृथ्वीचे पृष्ठफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे, असे आधुनिक शास्त्र सांगते. त्यात जमीन तीन दशांशांहूनही थोडी कमीच. बाकीचे सारे पाणी. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. म्हणजे आपला जिल्हा हा पृथ्वीच्या पाठीचा सुमारे सदुसष्ट हजारावा भाग! कोणाला हे ऐकून आपण किती क्षुद्र आहोत असे वाटेल. मला मात्र उलट वाटते. एवढ्याशा जागेत उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या पायाखालच्या अवाढव्य गोलाचे माप घेता येते, आणि ते घेण्यासाठी त्याला पृथ्वीभर दोरी ओढीत फिरावे लागत नाही, ही काय लहानसहान गोष्ट आहे?

मुलांनो, पुढील इयत्तांत हा नियम तुम्हांला अक्षरांच्या सूत्ररूपाने भेटेल. तो पाठ करण्यास एक मिनिट पुरेल. परंतु त्याआधी एक मोसंबे कापून त्याची साल चार वर्तुळांत मांडून पाहा. क्रिकेटचा जुना चेंडू उसवला असेल, तर त्याच्या कातड्याचे तुकडे मोजा. चांगल्या चेंडूला ते चार असतात, आणि त्यांतील प्रत्येक तुकडा चेंडूच्या मधोमध कापलेल्या एका वर्तुळाएवढा असतो. एवढे करून झाले, की मागच्या बाकावरील त्या मुलीसारखा प्रश्न विचारा: "हे नेहमीच खरे असेल कशावरून?" मोठ्यांचे वचन आदराने ऐकावे, हाताने ते पडताळावे आणि बुद्धीने त्याचे कारण शोधावे. भास्कराचार्यांनी लल्लांच्या बाबतीत हेच केले. आणि आपले म्हणणेही पुढच्यांनी असेच तपासून पाहावे, म्हणून मातीचा गोल कसा घ्यावा आणि त्यावर रेषा कशा आखाव्यात, हे सारे लिहून ठेवले.